फक्त सात जागा

सात हा आकडा मी ठरवला.
तीन लिहिलं तर लोकांना वास येतो,
बारा लिहिलं तर ते आधी जेवून घेतात.
सातवर बोट थांबत नाही.
खाली घड्याळ लावलं, उलटं चालणारं,
एकोणीस मिनिटांचं.
पान बंद करून उघडा,
पुन्हा एकोणीस.

प्लोव्हदिवमध्ये, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं बसतो.
फोटोतल्या बाईला दोन मुलं नाहीत,
तिनं कधी शिवणकाम केलेलं नाही.
ती कुठल्याशा दंतवैद्यासाठी हसली होती,
ते हसू आम्ही अकरा लेव्हांना घेतलं
आणि तिला झोर्नित्सा म्हटलं.
झोर्नित्सा महिन्याला आठ हजार दोनशे त्रेचाळीस कमावते.
गोल आकडा खोटा वाटतो,
सुट्टे पैसे खरे.
बोयाननं केशरी बटण हिरवं केलं,
तर चार माणसं जास्त सापडली.
आम्ही माणसं म्हणत नाही. टक्का म्हणतो.

रविवारी मामाकडे गेले.
झाप्रियान मामानं सव्वीस वर्षं ट्रॉलीबस चालवली.
वळणावर छतावरचे दांडे तारेवरून निसटले
की तो जाड हातमोजे घालून उतरायचा,
मागे जाऊन दोरी ओढायचा,
अख्खी बस तोवर गप्प.
मग ठिणगी. मग दिवे.
मला वाटायचं, गावाची वीज याच्याच हातात आहे.
नंतर शहरानं तारा उतरवल्या
आणि मामा घरी येऊन बसला
तो बसलाच.

बाल्कनीत तो मिरच्या भाजत होता,
हिवाळ्यासाठी, दोन पोती, लालभडक.
तेलकट अंगठ्यानं त्यानं फोन माझ्याकडे सरकवला.
"हे बघ. सातच जागा उरल्यात."

मी म्हटलं, मामा, ते घड्याळ खोटं आहे.

"माहीत आहे," तो म्हणाला.
"काल रात्री तीनदा संपलं, तीनदा भरलं.
वेळापत्रक तू मला शिकवणार?
आणि ही बाई शिवणकाम करणारी नव्हे,
नखं बघ तिची."

मग कशाला बघतोस?

तो घड्याळाच्या वर गेला,
झोर्नित्साच्याही वर,
अगदी माथ्यावरच्या ओळीपाशी थांबला.
ती मी एका गुरुवारी लिहिली होती,
एका हातात सँडविच,
अर्ध्या मिनिटात.
मामानं ती मोठ्यानं वाचली,
पूर्वी थांब्यांची नावं पुकारायचा तशी,
एकेक शब्द सुटा:
दमलात ना.
चूक तुमची नव्हती.

"इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं मला?
महापालिका म्हणाली?
तुझी मामी म्हणाली जाताना?"
तू म्हणालीस का, हे त्यानं विचारलं नाही.
मिरची उलटली.
साल तडकून काळं झालं होतं.
"दोनशे नव्वद लेव्ह भरलेत परवा," म्हणाला,
"पुस्तिका आली आहे. काही नाही तिच्यात.
कागद मात्र गुळगुळीत आहे."

मी साली सोलत राहिले.
बोटं भाजत होती, बरं वाटत होतं.
ते वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं,
पण तोंडानं म्हणायला गेलं की
ते जाहिरातीसारखं ऐकू येईल,
त्याला नाही,
मला.
मीठ कुठे आहे, एवढंच विचारलं.

सोमवारी बोयान म्हणाला,
सगळ्यात वरची ओळ सोनं आहे,
ठळक कर.
ठळक केली.

मग कुणी बघत नाही असं पाहून
सातचे सहा केले.
एक जागा खरंच गेली होती.

दुपारी चहा घेऊन परत आले
तर पुन्हा सात.